जिभेखालचं दावं

मु. पो. युसूफ वडगाव (सासुरवाडी),
दुष्काळाचं दुसरं साल, शिमग्याच्या अलीकडं

तीर्थरूप छबुअक्का हिच्या पायावर धाकट्या धर्मराजचं डोकं. (डोक्याला महिनाभर तेल नाही, त्यामुळं लुगड्याला डाग पडायची भीती बाळगू नकोस.) दाजींना रामराम. त्यांचा गुडघा कसा आहे? मी सांगितलेला एरंडाचा पाला बांधला का, की अजून त्या वैदूच्याच नादाला आहेत? शेळी व्याली का? घाटनांदूरच्या स्टेशनातल्या नळाला पाणी येतं का, की सगळं इंजिनच पिऊन जातं? इकडं टँकर एक दिवसाआड येतो, आणि आला की माणसं घागरी घेऊन अशी धावतात की टँकरच भिऊन पुढच्या गावाला पळेल असं वाटतं. असो. आमी सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे विमल, बाळ, सासूबाई आणि आप्पा. मी खुशाल नाही. ते कसं, हे सांगायलाच हा कागद घेतला आहे. (कागद दूध सोसायटीचा आहे. मागं छापलेलं ‘दूध स्वच्छ भांड्यात आणावे’ हे तुला उद्देशून नाही.)

तर अक्का, तू आत्या झालीस. मुलगा आहे. ही बातमी तुला कधीच पोचली असणार, आणि कुणी पोचवली तेही मला ठाऊक आहे. बंकटनं. सोसायटीच्या गाडीच्या ड्रायव्हरला निरोप, ड्रायव्हरनं अंबाजोगाईला कुणाला तरी, त्यानं तुला. माझं पोरगं, माझी बहीण, आणि मधी बंकट! बंकट म्हणजे माझा साडू, विमलच्या थोरल्या बहिणीचा, सत्यभामाचा, नवरा. तू त्याला आमच्या लग्नात पाहिलंस. पंगतीत सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी जेवला आणि ज्याचं सगळ्या बायकांनी कौतुक केलं, तो. इथल्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी आहे. टोपी अशी पांढरी की दुष्काळात ही धुतो कशानं, असं कुणीतरी विचारायला पाहिजे. कुणी विचारत नाही. तो गावातच राहतो, सासऱ्याच्या घरापासून चार घरं पलीकडं, म्हणजे सासूबाईंनी फोडणी दिली की त्याला ठसका लागतो. मी मात्र पाहुणा.

मी पोचलो बाळाच्या सातव्या दिवशी. आता तू म्हणशील, मुडद्या, बाप होऊन सात दिवस कुठं मेलतास? ऐक. निरोप मिळाला तेव्हा मी तेलगावला होतो, जिनिंगमध्ये काही काम मिळतं का ते बघायला गेलतो. निरोप मिळाल्या मिळाल्या निघालो, देवाशप्पथ. पण गावाबाहेर एका शेतात बोअरची गाडी लागली होती. अक्का, तू ती गाडी बघितली नसशील. लोखंडाचा खांब धडाधडा जमिनीत जातो आणि वर धुळीचा फवारा उडतो. सगळं गाव भोवती उभं. आता पाणी लागणार, आता लागणार, असं सगळे म्हणत असताना मी एकट्यानंच कावून निघून जायचं? एक दिवस नुसती धूळ निघाली. दुसऱ्या दिवशी ओली धूळ निघाली, तेव्हा एका म्हाताऱ्यानं नारळ फोडला. मग पुन्हा कोरडी धूळ. शेवटी गाडीवाले खांब उपसून निघून गेले आणि मीही निघालो. वाटेत अजून दोन-तीन कारणं झाली, ती भेटीत सांगेन.

तर पोचलो. ओसरीवर लोडाला टेकून कोण? बंकट. माझ्या पोराच्या पायगुणाबद्दल शेजाऱ्यांशी कोण बोलतंय? बंकट. मला बघून उठला, माझ्या हातातली पिशवी घेतली, पाय धुवायला तांब्याभर पाणी दिलं. (तांब्याभर! टँकरच्या पाण्यातलं! म्हणजे आता मी त्याचा मिंधापण झालो.) ‘या धर्मराज, तुमचीच वाट बघत होतो,’ म्हणाला. असा गोड बोलतो. त्याच्यात एकही खोड नाही, अक्का, आणि एवढी मोठी खोड मी दुसऱ्या कुठल्या माणसात बघितली नाही.

पण घरात आनंद नव्हता. बाळ पीत नव्हतं. म्हणजे विमलच्या अंगावर लावलं की तोंड मारायचं, टक् टक् आवाज करायचं, सुटायचं, परत धरायचं, परत सुटायचं, आणि मग दमून झोपायचं. पावघटकेनं भुकेनं उठून किंचाळायचं. विमलला जखमा झालेल्या, ती पदर तोंडात धरून पाजायची. सासूबाई बोंडल्यानं चार थेंब घालायच्या, त्यातले दोन गळ्यावरून खाली. मला उंबऱ्यापाशी आणून दाखवलं तेव्हा, खोटं नाही सांगत, मला वाटलं होतं गुबगुबीत काहीतरी असेल. तोंड वांग्याच्या देठाएवढं, कातडी सैल, जणू थोरल्या भावाचं आंगडं घातलंय. माझ्याकडं बघून रडलं. मीपण रडलो असतो, पण बंकट बघत होता.

गल्लीतल्या बायकांनी निकाल देऊन टाकला होता. विहिरी आटल्या, म्हशी आटल्या, तशी बाईपण आटली, दुसरं काय. कुणी म्हणे दूध हाय पण पाणचट हाय. दुष्काळी कामावरची सुकडी खाऊन कुठं दूध धरतंय व्हय? मग मेथी आली, शेपू आला, कुणीतरी कुठून तरी मूठभर अळीव आणले. विमल बिचारी खात होती आणि रडत होती. ‘माझंच नशीब पाणचट,’ म्हणायची. ते ‘पाणचट’ माझ्या डोक्यात बसलं. आणि अक्का, माझं डोकं तुला माहीत आहे, एकदा काही बसलं की मला उठावं लागतं.

मी उठलो आणि तडक सोसायटीत गेलो. तिथं दुधाची डिग्री बघायची काचेची नळी असते. दुधात सोडली की तरंगते, दुधात पाणी घातलेलं असेल तर खाली जाते, आणि गवळ्याचं तोंडपण खाली जातं. बंकट वहीत डोकं घालून बसला होता, मी ती नळी पटकन धोतराच्या सोग्यात घेतली. घरी येऊन सासूबाईंच्या हातून आत निरोप दिला की वाटीभर दूध बाहेर पाठवा, आता शास्त्रानंच निकाल लावू. आतून कशीबशी अर्धी वाटी आली. (आत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं, ते इथं लिहीत नाही, सोसायटीचा कागद आहे.) मी नळी सोडली. आता त्या नळीला तरंगायला वीतभर खोल दूध लागतं हे मला कुणी सांगायला नको? ती वाटीत आडवी झाली, लग्नात जेवून ओसरीवर आडव्या झालेल्या म्हाताऱ्यासारखी. मी वाकून आकडा वाचायला लागलो तेवढ्यात आतून विमलनं फेकलेला शेपूचा वाडगा माझ्या कानाला लागला, आणि दारातून आवाज आला, ‘धर्मराज, सोसायटीची नळी आणली का तुमी?’

बंकट. आणखी कोण?

मला वाटलं आता हा चिडेल. एकदा तरी चिडायचं होतं त्यानं! पण तो पायरीवर बसला, नळी पुसली, खिशात ठेवली आणि विचारात पडला. मग सासूबाईंना म्हणाला, ‘आत्याबाई, एक बोलू का? सोसायटीत कुणी आलं की म्हस दूध देईना, तर आमी आधी म्हशीला न्हाई बघत. रेडकाला बघतो. रेडकू नीट लुचत नसलं की म्हस पान्हा चोरती. चांगली म्हस पंधरा दिवसांत आटती. दोष रेडकाच्या तोंडात असतो आणि मार खाती म्हस.’

आतलं रडणं थांबलं. अक्का, सात दिवस सगळी गल्ली विमलला बघत होती. पोराच्या तोंडात बघावं हे कुणाला सुचलं नाही. आणि मला सुचलं असतं! तू हसू नकोस, सुचलं असतं. मी दुधापर्यंत पोचलोच होतो, दुधावरून रेडकावर येणं म्हणजे एका पायरीचं काम. नळी आणली मी, वाडगा खाल्ला मी, आणि पुढची पायरी चढला बंकट.

मग त्यानं कोपरापर्यंत हात धुतले, लाल औषधाच्या पाण्यानं, दुधाची तपासणी करताना धुतात तसे. सासूबाईंनी बाळ सुपात घालून उंबऱ्यावर आणलं. त्यानं करंगळी बाळाच्या तोंडात घातली. ‘हिरडीनं चावतंय,’ म्हणाला, ‘जीभ बोटाखाली येईना.’ बाळ रडायला लागलं तेव्हा म्हणाला, ‘बघा, कडा वर उचलतात द्रोणासारख्या आणि मधला भाग खालीच.’ मीपण वाकून बघितलं. खरंच! जिभेचा शेंडा पिंपळाच्या पानाच्या देठाकडं असतो तसा मधी खचलेला, आणि खाली एक पांढुरका पातळ पडदा, शेंड्यापासून थेट खालच्या हिरडीपर्यंत ताणलेला. ‘आखूड दावं हाय,’ बंकट म्हणाला. ‘रेडकू खुंट्यालाच बांधलंय, गव्हाणीपर्यंत जाणार कसं?’ मी म्हणालो, मलाही बोट घालून बघू द्या, मी बाप आहे. सासूबाईंनी माझ्या हाताकडं बघितलं. बोअरच्या गाडीचं वंगण अजून नखांत होतं. त्यांनी सूप नुसतं दुसऱ्या अंगाला फिरवलं.

आता मी गप्प बसणारा आहे का? बंकट म्हणाला उद्या केजला विरुपाक्ष डॉक्टरांकडं नेऊ, तर मी म्हणालो उद्या कशाला, आज! पळत जाऊन बायडाबाईला घेऊन आलो. बायडाबाई म्हणजे इथली जुनी सुईण, अर्ध्या गावाची नाळ तिनं कापली आहे. ती पूर्वी अशी जीभ करंगळीच्या नखानं सोडवायची, त्यासाठी ते एकच नख वाढवून ठेवायची, असं मी ऐकलेलं. म्हटलं बंकटचं दावं आणि माझं नख, बघू कोण जिंकतं. बायडाबाई आली, बाळाचं तोंड उजेडाकडं केलं, बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं वळली. ‘आरं लेकरा, तवा डाक्टर नव्हता म्हणून नख व्हतं. पाच जगायची, सहाव्याला धनुर्वात. मला त्या सहाव्याचं तोंड आजून दिसतंय. जा, केजला न्ही.’ एवढं बोलून चहा न घेता गेली. बंकट तिला तिच्या दारापर्यंत सोडायला गेला. बोलावून आणली मी, सोडायला गेला तो!

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. सुवेर फिटली नाही, बाळंतीण घराबाहेर कशी काढायची, म्हणून शेजारपाजार कुजबुजलं, तेव्हा आप्पा (सासरे, दिवसातून एकदाच बोलतात) म्हणाले, ‘पोरगं ऱ्हाईलं तर सुवेर. न्हाईतर सुतकच.’ वाहन कुठलं? सोसायटीची दुधाची गाडी. पुढं ड्रायव्हरशेजारी विमल, बाळाला घेऊन सासूबाई, आणि दाराला बंकट, कारण गाडी त्याच्या सहीनं निघते. मी मागं, कॅनांत. दुष्काळामुळं कॅन निम्मे रिकामे, खड्डा आला की सगळे मिळून माझ्या अंगावर येऊन आदळत आणि वाजत. पुढं माझं पोरगं रडतंय का गप झालंय, हेही मला ऐकू येईना. एका ठिकाणी गाडी थांबली तेव्हा मी ओरडलो, ‘पितंय का?’ तर बंकटनं मागं बघून हात केला, काळजी करू नका असा. काळजीपण मी करायची नाही. तीही त्यानंच करायची.

केजला डॉक्टरांच्या दारात उतरलो तेव्हा मी डोक्यापासून पायापर्यंत फुफाट्यानं भरलेलो. डॉक्टर कपाळाला भस्माचे पट्टे लावलेले, शांत माणूस. बाळ बघितलं, विमलला चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, बाळाचे वडील कोण? आणि अक्का, सगळ्यांआधी डॉक्टरांनीच बंकटकडं बघितलं. मी मागून ओरडलो, ‘मी! मी!’ तर ते म्हणाले, ‘कॅन तिकडं पडवीत ठेवा.’

पुढं सगळं उलगडलं आणि डॉक्टरांनी समजावून सांगितलं. (सातवीत मी ज्या शरीरशास्त्रात बसलो त्यात हे नव्हतं. त्यात नुसता जठराचा फोटो होता आणि त्याला कुणीतरी मिश्या काढलेल्या. ते मी नव्हतो, मास्तरांचा गैरसमज.) ते म्हणाले, पोटात असताना जीभ आणि जबड्याचा तळ एकमेकाला चिकटलेलेच असतात. मग जीभ हळूहळू सुटी होते आणि मधोमध एक पडदा तेवढा मागं राहतो. तो सगळ्यांना असतो. कुणाचा मागं आणि सैल, कुणाचा पार शेंड्यापर्यंत आणि आखूड. आणि पिणं म्हणजे ओठांनी ओढणं नव्हे. जीभ हिरडीच्या पुढं यायला पाहिजे, खालून द्रोणासारखी बसायला पाहिजे, आणि मग लाटेसारखी मागं जायला पाहिजे. जीभ पुढं आली नाही की पोरगं हिरडीनं चावतं, पकड सुटते, हवा गिळतं, तोच तो टक् टक् आवाज. आईचं दूध चांगलंच आहे, नीट ओढलं नाही तर मात्र खरंच आटेल. हे ऐकलं आणि विमल ओक्साबोक्शी रडली. सात दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिला सांगितलं की चूक तिची नाही. (पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा. पहिल्यांदा बंकटनं सांगितलं होतं. मी मोजून ठेवलंय.)

मी विचारलं, मुका तर होणार नाही ना? डॉक्टर म्हणाले, ‘बोलण्याचं पुढं बघू. जीभ बांधलेली असून गाव डोक्यावर घेणारी माणसं मी बघितलीत. आत्ता त्याचं काम एकच, पिणं. पडदा दिसला म्हणून मी कापत न्हाई, पिता येईना म्हणून कापतो.’ मग म्हणाले, हे पुष्कळदा घराण्यात असतं, तोंड उघडा बघू सगळ्यांनी. सासूबाईंची जीभ मोकळी. (ते मला लग्नापासून माहीत आहे.) विमलची मोकळी. बंकटनं उगाचच, कुणी सांगितलं नसताना, आपली जीभ बाहेर काढली, तर ती हनुवटीला टेकली. मी काढली. ओठाच्या पुढं जाईना! वर उचलली तर डॉक्टर म्हणाले, ‘हे बघा दावं. बापाचं लेकराला आलंय.’

अक्का, काय सांगू तुला! एवढ्या सगळ्यात हीच एक गोष्ट बंकटजवळ नव्हती. मी त्या दवाखान्यात छाती पुढं काढून उभा राहिलो. आई सांगायची ना, मी अंगावर पीत नव्हतो, छबूनं शेळीच्या दुधात वात बुडवून जगवला म्हणून? ते यापायी. तू मला मारताना म्हणायचीस की तुझी जीभ बांधून ठेवायला पाहिजे, तर ती बांधलेलीच होती, आणि बांधलेली असून एवढी चालली.

पण सुख माझ्याकडं मुक्कामाला येत नाही, नुसता चहा पिऊन जातं. डॉक्टरांनी उकळत्या पाण्यातून बारकी बोथट टोकाची कातर काढली. बाळाला फडक्यात गच्च गुंडाळलं, म्हणाले डोकं कुणीतरी घट्ट धरा. मी पुढं झालो. बापाचा हक्क! धरलं. कातर जवळ आली, बाळानं तोंड उघडलं आणि माझ्याकडं बघितलं, आणि माझे हात असे थरथरायला लागले की बाळासकट टेबल हलायला लागलं. डॉक्टर कातर मागं घेऊन म्हणाले, ‘तुमी बाहेर जा. हे धरतील.’ हे म्हणजे कोण, ते मी लिहीत नाही.

मी पडवीत कॅनांजवळ उभा राहिलो. आतून एक किंकाळी आली. एकच. मग काही नाही. मला वाटलं गेलं. अक्का, बोअरच्या गाडीजवळ घालवलेले दोन दिवस माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, आता आमाला परत घे. मग पडद्याआडून एक आवाज यायला लागला. टक् टक् नाही. गटक्, गटक्, गटक्, जसं कोरड्या रानात कुठंतरी पाट फुटावा. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं बया, दम तरी घे की रे!’ आणि विमल हसली. मी तिथंच खाली बसलो. आता रडावं म्हणून तोंड उघडलं, तर शेजारी हुंदका.

बंकट होता. बाहेर येऊन पालथ्या कॅनावर बसलेला, बाहीवर रक्ताचे दोन थेंब, पांढरी टोपी डोक्यावरून काढून तिच्यात तोंड घालून रडत होता. त्याच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, अक्का. पाळणा नाही. मला ठाऊक होतं, सगळ्यांना ठाऊक आहे, पण ठाऊक असणं आणि असं शेजारी बसणं यात फरक आहे. मला काय करावं कळेना. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आणि खरं सांगू? हात ठेवताना पण माझ्या मनात हेच की बाप मी, रडायचा पहिला मान माझा, तोही ह्यानं घेतला. मग मला रडूच आलं नाही. अजून आलेलं नाही. ते राहिलंय कुठंतरी.

आता गावात ज्याच्या त्याच्या तोंडी बंकट. बंकटनं पोरगं वाचवलं, बंकटच्या बोटात देव. मला हे किती सहन व्हावं? परवा मी पाझर तलावाच्या कामावर गेलो. तिथं बाया माती वाहतात आणि त्यांची तान्ही पोरं बाभळीखाली झोळ्यांत टांगलेली असतात. म्हटलं आपणपण एक आखूड दावं हुडकून काढू, म्हणजे हिशोब फिटेल. (हात धुतले होते, कोपरापर्यंत.) तिसऱ्या झोळीत सापडलं! हुबेहूब तसाच पडदा! मी आनंदानं असा ओरडलो की त्या पोराची आई पाटी टाकून आली, तिच्यामागं सगळ्या बाया, पोरं चोरणारा आला म्हणून. मुकादमानं सोडवलं. मी समजावून सांगितलं, तर ती आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘माझं लेकरू? दोन म्हशीचं दूध पिईल आन् वर तुजी टोपी खाईल! बघ बघ, मांड्या बघ त्येच्या!’ मांड्या बघितल्या. खांबासारख्या. म्हणजे डॉक्टर म्हणाले तेच, पडदा आहे पण पिणं चोख, कापायचं काम नाही. माझ्या वाट्याला आलेलं एकुलतं एक दावं, तेही निकामी. टोपी तिथंच राहिली, कुणी दिली नाही.

आता मुद्दा. बारसं पुढल्या बेस्तरवारी धरलं आहे. आप्पा काल दिवसातलं एक वाक्य बोलले, ते असं की, नाव बंकट सुचवील ते ठेवायचं. मी म्हणालो, आमच्यात नाव आत्या ठेवते. बाळाच्या कानात सांगायचा हक्क आत्याचा, आणि आमच्या आजोबाचं नाव पहिल्या पोराला द्यायचं आमचं आधीच ठरलंय, आश्रुबा. तर बंकटच पुढं होऊन म्हणाला, ‘बरोबर हाय, बाळाच्या आत्याचाच मान. मी कोण?’ बघितलंस? भांडायलापण देत नाही. तेव्हा अक्का, काही झालं तरी तू ये, आणि ‘आश्रुबा’ असं खणखणीत म्हण, की चार घरं पलीकडं ऐकू जाईल. विमल बरी आहे, पिणं चालू आहे, बाळाच्या गालावर मांस दिसायला लागलं. थोरांस नमस्कार, धाकट्यांस टपल्या, शेळीस जे काय द्यायचं असेल ते.

तुझा बांधलेल्या जिभेचा भाऊ,
धर्मराज

ता. क. बाळंतविडा आणशीलच. त्यात बंकटसाठी एक टोपी घाल, मानाची म्हणून. फार पांढरी नको. आणि माझ्यासाठीपण एक, कारण वर लिहिलंच आहे.

ता. क. आणखी एक. वर मी ‘आश्रुबा’ लिहिलंय ते खोडलं आहे असं समज. (खोडायला गेलो तर कागद फाटायला लागला.) आज ज्वारी निवडताना मी सत्यभामाबाईला सहज विचारलं की तुमाला झालं असतं तर काय नाव ठेवलं असतं. तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, ‘ह्यांनी लग्नाच्या वर्षीच ठरवून ठिवलंय. रामहरी. कुनाला सांगत न्हाईत.’ तर तू तेच म्हण. आजोबा काही वाईट वाटून घेणार नाहीत, त्यांना जिवंतपणीही कमी ऐकू यायचं. कुणी विचारलं तर तुझ्याच मनात आलं म्हणून सांग. मी सांगितलं असं बंकटला कळलं तर तो माझ्याशी आणखी चांगला वागेल, आणि ते मला सोसणार नाही.

ता. क. शेवटचं, आणि खरं काम हेच. हे दाजींना वाचून दाखवू नकोस. बाळ माझ्याजवळ दिलं की किंचाळतं. पोट भरलेलं असलं तरी. बंकटनं घेतलं की दोन मिनिटांत झोपतं, आणि झोपेत त्याच्या सदऱ्याची गुंडी धरतं. मी चोरून बघितलं, पण तो नेमकं काय करतो ते मला समजत नाही. मान कुठल्या हातानं धरायची, आधी उचलायचं का आधी बोलायचं, आणि बोलायचं तर काय? तू मला वाढवलंस, तुला ठाऊक असणार. म्हणून बेस्तरवारी नको, मंगळवारीच ये. बंकट संध्याकाळी दूध घ्यायला सोसायटीत असतो, तेव्हा गोठ्यामागं मला शिकव. गोठा रिकामाच आहे, म्हशी छावणीला आहेत, कुणी बघणार नाही. दोन दिवसांत मला जमेल ना? बारशाला पाळण्यातून पोरगं उचलून तुझ्या हातात मी देणार आहे, आणि ते रडायला नको. निदान बंकटची नजर आमच्यावर असेल तोवर तरी.